बडी, तेवीस नंबर आणि एकतर्फी निष्ठा

ऑक्टोबर २०१३. मेलबर्नच्या पूर्वेकडच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर बायको एका जंपरची शिवण उसवत बसली होती. जंपर म्हणजे इथल्या फूटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, बिनबाह्यांची जर्सी. ही हॉथॉर्न क्लबची होती, चॉकलेटी-सोनेरी उभ्या पट्ट्यांची, आणि पाठीवर २३ नंबर शिवलेला. तो काढून टाकायचा हुकूम आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी सोडला होता. रडून झालं होतं, आता घुश्शाची पाळी होती. आधी २ निघाला, मग ३ निघाला. पण दोन मोसम ऊन खाल्लेल्या कापडावर त्या आकड्यांखालचा मूळचा गडद रंग तसाच होता. नंबर काढला तरी नंबर वाचता येत होता. "हे काही जाणार नाही," ती म्हणाली. "मग मी उलटी करून घालीन," चिरंजीव.

झालं होतं ते असं. लान्स फ्रँकलिन, ज्याला इथे लहानथोर सगळे 'बडी' म्हणतात, तो हॉथॉर्न सोडून सिडनी स्वान्सकडे निघाला होता. नऊ वर्षांचा करार, सुमारे १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. हॉथॉर्नने ग्रँड फायनल जिंकून आठवडासुद्धा उलटला नव्हता. आमचे शेजारी सत्तरीतले, हॉथॉर्नचे पिढीजात मेंबर. कुंपणापलीकडून त्यांनी बडीसाठी एक शब्द वापरला. त्याचं सभ्य मराठी 'भाडोत्री' असं होईल. असभ्य मराठी तुम्हीच करून घ्या.

मला तो शब्द तेव्हाही खटकला होता, आज जास्तच खटकतो. फ्रँकलिनने केलं ते बरोबरच होतं. माझी तक्रार उलट आहे. आपण कुठे खेळायचं हे स्वतः ठरवायला त्याला नऊ मोसम वाट पाहावी लागली, आणि ठरवल्यावर शिव्याही त्यालाच पडल्या.

ज्यांना मेलबर्नचं मैदान फक्त बॉक्सिंग डे कसोटीपुरतं माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्याच मैदानावर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत हा खेळ चालतो. मुळात १८५०च्या दशकाच्या अखेरीला क्रिकेटवाल्यांना हिवाळ्यात अंग मोकळं ठेवायला काहीतरी हवं, या विचारातूनही याला चालना मिळाली. दोन्ही बाजूंना अठरा-अठरा गडी, लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथाडला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', म्हणजे एक गुण, म्हणजे सांत्वनपर बक्षीस. मेलबर्नमध्ये कोणाला पहिल्यांदा भेटलात की नाव-गाव झाल्यावर तिसरा प्रश्न 'टीम कोणती?' हाच. आमची हॉथॉर्न, कारण शेजाऱ्यांची हॉथॉर्न. निष्ठा इतक्या सहज जडते, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

आता बडी हॉथॉर्नला आला कसा? त्याने निवडलं म्हणून नव्हे. तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डॉवरिनचा. पर्थपासून दीडेकशे किलोमीटरवरचं, गव्हाच्या शेतांमधलं गाव. नूंगार या आदिवासी वंशाचा मुलगा. पर्थच्या एका शाळेत शिष्यवृत्तीवर गेला, तिथल्या स्थानिक लीगमध्ये खेळला आणि २००४ च्या नोव्हेंबरात, सतराव्या वर्षी, ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं. ड्राफ्टची पद्धत १९८६ पासूनची. तळाला राहिलेल्या क्लबला पहिली निवड, त्याच्या वरच्याला दुसरी, असं चढत जायचं. मुलाला विचारत नाहीत. कोणी नाव घेतलं की बॅग भरायची. पर्थहून मेलबर्न म्हणजे विमानाने साडेतीन-चार तास, जवळजवळ मुंबईहून दुबई गाठायला लागणाऱ्या वेळात. आपल्याकडे सतरा वर्षांच्या पोराला नागपूरहून पुण्याच्या होस्टेलवर सोडताना आयांचे डोळे भरून येतात, आणि तिथे निदान कॉलेज तरी आपण निवडलेलं असतं.

त्या वर्षी रिचमंडकडे पहिली आणि चौथी निवड होती. पाचवी हॉथॉर्नकडे. रिचमंडने पहिल्यांदा ब्रेट डेलेडिओला घेतलं, चौथ्यांदा रिचर्ड टॅम्बलिंगला, आणि पाचव्या नंबरवर फ्रँकलिन हॉथॉर्नच्या ओंजळीत पडला. यात टॅम्बलिंगचा दोष काय? त्याने तर कोणाला सांगितलं नव्हतं की मला बडीच्या आधी घ्या. पण पुढची सहा वर्षं रिचमंडच्या जंपरमध्ये त्याने काहीही केलं तरी लोकांना दिसायचा तो चौथा नंबर. शंभरहून जास्त सामने खेळलेल्या माणसाला 'जो फ्रँकलिन नव्हता' एवढीच ओळख मिळाली. दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाची पावती खेळाडूच्या नावाने कशी फाडतात, त्याचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

फॉरवर्डचं, म्हणजे खांबांपुढे राहून गोल मारणाऱ्याचं, काम काय असतं तेही जरा जवळून बघायला हवं, कारण बाकीचा वाद त्यावर उभा आहे. चेंडू दीडशे मीटरवर, दुसऱ्या टोकाला आहे. तुम्ही उभे. तुमच्या खांद्याला खांदा लावून एक बचावपटू उभा, ज्याला आज दुपारी जगात दुसरं काम नाही. तो कोपर लावतो, जंपरची कड मुठीत धरतो, तुमच्या कानात तुमच्या घरच्यांची विचारपूस करतो. दहा-दहा मिनिटं काही घडत नाही. मग मधल्या कोणीतरी उंच लाथ मारली की दोन सेकंदांत ठरवायचं, धावायचं की मागे सरून उडी मारायची. चेंडू हवेत पकडलात तर तो 'मार्क', म्हणजे तुम्हाला मोकळी लाथ. आणि मग, इतका वेळ चाळीस-पन्नास हजार लोक बोंबलत असलेल्या मैदानावर तुम्ही एकटे. मोज्यांवर गवत पुसायचं, खांबांकडे बघायचं, मोजून पावलं मागे जायचं. पन्नास मीटर अंतर, लंबगोल चेंडू, आडवा वारा. चेंडू हातातून पायावर सोडताना बोटभर वाकडा सुटला तरी सहाचा एक होतो.

इतर फॉरवर्ड सरळ रेषेत धावत येतात. फ्रँकलिन डावखुरा, म्हणजे डाव्या पायाचा. तो धावत यायचा तो कमानीसारखा, डावीकडे कलत कलत, रिक्षावाला खड्डा चुकवतो तसा, आणि त्या वळणातूनच लाथ मारायचा. पुस्तकात असं नाही. पण कोणी ते सरळ करायच्या फंदात पडलं नाही ही हॉथॉर्नची अक्कल. शिवाय साडेसहा फुटांच्या आसपास उंची असलेला हा गडी खांबांपुढे ठाण मांडून बसणारा नव्हताच. २०१० साली एसेंडनविरुद्ध सीमारेषेच्या कडेकडेने चेंडू आपटत जे धावला आणि केल हुकरला मागे टाकून जो गोल मारला, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम गोल ठरला. मी टीव्हीसमोर उभा होतो हे मला गोल झाल्यावर कळलं.

२००८ मध्ये त्याने एका मोसमात शंभर गोल पार केले. ज्या सामन्यात शंभरावा झाला त्यातच पलीकडे कार्लटनचा ब्रेंडन फेव्होलाही शंभराच्या उंबरठ्यावर होता. बडीचा शंभरावा झाला, रिवाजाप्रमाणे लोक मैदानात घुसले. फेव्होलाचा मोसम ९९ वर संपला. फॉरवर्डची कारकीर्द ही अशी असते, सगळ्यांना मोजता येणारी. मधल्या फळीतल्या माणसाने किती घाम गाळला हे जाणकारांना कळतं. फॉरवर्डचं मात्र शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं, कारण तिथे आकडा झळकतो. २००८ नंतर एका मोसमात शंभर गोल कोणालाच जमलेले नाहीत. बचावाची तंत्रं बदलली, अठराच्या अठरा गडी मागे येऊन जागा बुजवू लागले. त्या बुजलेल्या जागांतही त्याने २०११, २०१४ आणि २०१७ मध्ये सर्वाधिक गोलांचं कोलमन पदक घेतलं. २०१७ चं तर शेवटच्या फेरीत, कार्लटनविरुद्ध दहा गोल ठोकून.

तर हा माणूस २०१३ साली सव्वीस वर्षांचा होता. दोन प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकून दिली होती, २००८ ची आणि २०१३ ची. १८२ सामने, ५८० गोल. आणि लीगमध्ये तेव्हा नुकतीच एक नवी गोष्ट आली होती, फ्री एजन्सी. २०१२ पासून, एका क्लबात आठ मोसम काढलेल्या खेळाडूला करार संपल्यावर दुसरीकडे जायची मुभा मिळाली. पण जे क्लबातले सर्वांत महाग खेळाडू, त्यांच्याबाबत जुन्या क्लबला आणखी एक हक्क होता. समोरच्या क्लबने दिलेला देकार जसाच्या तसा आपण द्यायचा आणि खेळाडूला रोखायचं. हॉथॉर्नने हिशेब केला. नऊ वर्षांचा बोजा सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे क्लबच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेत, बसत नव्हता. रोखलं नाही. भरपाई म्हणून लीगकडून ड्राफ्टमधली एक जादा निवड घेतली. व्यवहार दोन्ही बाजूंनी झाला, 'भाडोत्री' मात्र एकच बाजू ठरली.

आठ वर्षं हा आकडा ऐकायला फार वाटत नाही. सरकारी नोकरीच्या हिशेबाने तर परिविक्षाकालच. पण अठराव्या वर्षी ड्राफ्ट झालेल्या पोराचा सुरुवातीचा करार दोन-तीन वर्षांचा असतो. गुडघा गेला, खांदा निखळला, प्रशिक्षक बदलला, की एकविसाव्या वर्षी क्लब 'आभारी आहोत' म्हणून मोकळा होतो. आठ मोसम टिकणारे थोडे. म्हणजे निवडीचा हक्क कागदावर सगळ्यांना, पण बहुतेकांच्या हाती तो येण्याआधी कारकीर्दच आटोपलेली. फ्रँकलिन, टिकलेल्यांतला आणि त्यातही ज्याला कोणी मागेल असा, तो हक्क वापरू शकला. त्याने तो वापरला म्हणून चिडण्यापेक्षा इतरांना तो वापरता येत नाही याची चीड यायला हवी होती.

आता क्लबांच्या निष्ठेकडे वळू. २००४ च्या त्याच ड्राफ्टमध्ये हॉथॉर्नने सातव्या नंबरवर जॉर्डन लुईसला घेतलं होतं. तो कुठे गेला नाही. चार प्रीमियरशिप जिंकला. सॅम मिचेल २००८ चा कर्णधार, त्याच्याही चार. २०१६ चा मोसम संपला आणि हॉथॉर्नने दोघांनाही पाठवून दिलं. मिचेल पर्थच्या वेस्ट कोस्टकडे, लुईस मेलबर्न क्लबकडे. संघाला ताजं रक्त हवं होतं, हिशेब त्यांच्या बाजूने असेलही. मिचेल नंतर त्याच क्लबचा प्रशिक्षक होऊन परत आला, म्हणजे कडवटपणाही फार उरला नसावा. पण तेव्हा आमच्या शेजाऱ्यांना मी मुद्दाम विचारलं, आता क्लबला काय म्हणायचं? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "लिस्ट मॅनेजमेंट." खेळाडू गेला की गद्दारी, क्लबने पाठवला की व्यवस्थापन.

आणि ज्या सिडनीकडे बडी गेला तिची जन्मकथाच बघा. सिडनी स्वान्स म्हणजे मूळचा साउथ मेलबर्न, एकोणिसाव्या शतकातला क्लब. कर्जात बुडाला, आणि १९८२ साली तो उचलून हजारभर किलोमीटर दूरच्या, रग्बी लीगच्या शहरात नेऊन ठेवला. 'साउथ साउथमध्येच राहू द्या' म्हणत चाहते भांडले, हरले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रस्त्यावरून चालत मैदानावर जायचं तो रस्ता उरला, टीम गेली. संपूर्ण क्लब हलवणाऱ्यांना कोणी भाडोत्री म्हटलं नाही, त्याला 'राष्ट्रीय लीगची दूरदृष्टी' म्हणतात. त्या वेळी सिल्व्हिओ फॉस्किनी नावाचा एक पोरसवदा खेळाडू म्हणाला, मी सिडनीला जाणार नाही, मला मेलबर्नमध्येच सेंट किल्डाकडून खेळायचंय. क्लबने सोडायला नकार दिला. प्रकरण व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की लीगचे हे नियम म्हणजे माणसाच्या धंद्यावर घातलेली गैरवाजवी बंधनं आहेत. फॉस्किनी सेंट किल्डाकडून खेळला. गंमत अशी की त्याला ज्या क्लबात राहायचं नव्हतं, त्याच क्लबने तीस वर्षांनी खेळाडूच्या स्वातंत्र्याचा सर्वांत मोठा फायदा उचलला.

सिडनीच्या रग्बी लीगनेही पुढे ड्राफ्ट आणून पाहिला, तो १९९१ मध्ये फेडरल कोर्टात टिकला नाही. फूटीचा ड्राफ्ट टिकून आहे, कारण लीगने खेळाडूंच्या संघटनेला सोबत घेऊन, करारांत बसवून तो चालवलाय. म्हणजे तो न्याय्य आहे असं नाही, तो मान्य केलेला आहे.

इथे समोरच्या बाजूचं खरं बळ सांगायला हवं, कारण ते आहे. ड्राफ्ट आणि सॅलरी कॅप नसती तर कॉलिंगवूडसारखे दोन-चार श्रीमंत क्लब दर सप्टेंबरात आपसांत चषक खेळवत बसले असते आणि बाकीचे फिट्झरॉयच्या वाटेने गेले असते. फिट्झरॉय १९९६ मध्ये संपला, उरलंसुरलं ब्रिस्बेनमध्ये विलीन झालं. पश्चिम उपनगरातला फूट्सक्रे क्लब १९८९ मध्ये असाच जाता जाता राहिला. लोकांनी डबे फिरवून, दारोदार पैसे गोळा करून वाचवला. तोच आज वेस्टर्न बुलडॉग्ज. २०१६ ची ग्रँड फायनल त्यांनी जिंकली, १९५४ नंतर पहिल्यांदा, बासष्ट वर्षांनी. आणि हरवलं कोणाला? फ्रँकलिनच्या सिडनीला. त्या दिवशी ट्रेनमध्ये एक पांढऱ्या केसांची बाई लाल-निळा मफलर तोंडावर धरून रडत होती आणि अनोळखी माणसं तिचा खांदा थोपटत होती. ज्या व्यवस्थेतून असा दिवस उगवतो ती मोडीत काढा असं म्हणायची माझी छाती नाही.

पण मग तिला तिच्या नावाने हाक मारा. लीगमधली समानता फुकट येत नाही. तिची किंमत अठरा वर्षांचा मुलगा मोजतो, आपल्या निवडीचा हक्क देऊन. हे त्याच्याकडून घेतलेलं कर्ज आहे, आणि कर्जाला परतफेडीची मुदत असते. ती आठ वर्षांची ठेवून वर निष्ठेचं व्याज मागायचं, ही सावकारी झाली. माझ्या मते हा हक्क पाच वर्षांनी मिळावा, सगळ्यांना, आणि महागड्या खेळाडूला रोखण्याची ती जादा तरतूदही जावी. सॅलरी कॅप राहू द्या. कॅप असताना सगळे तारे एकाच क्लबात जमू शकत नाहीत. पैसे कमी पडतात, हे सिडनीनेच दाखवून दिलं. बडीसाठी जागा करताना त्याच वर्षी शेन ममफर्ड गेला, पुढे टॉम मिचेल गेला. तोही कुठे, तर हॉथॉर्नला, आणि २०१८ मध्ये तिथे त्याने सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक घेतलं. बाजार आपलं आपण सावरतो ते असं.

सिडनीला नऊ वर्षांत काय मिळालं, हा प्रश्न मेलबर्नवाले खास चवीने विचारतात. तीन ग्रँड फायनल, तिन्ही हरले. २०१४ ची तर हॉथॉर्नकडूनच, ६३ गुणांनी. त्यात बडीने चार गोल मारले आणि तरी तो हरलेल्या बाजूला उभा होता. समोर जुने सोबती चषक नाचवत होते. २०२२ ला जीलाँगने ८१ गुणांनी धुतलं. सिडनीकडून एकही प्रीमियरशिप नाही म्हणजे पैसे पाण्यात, असा निष्कर्ष. मला हा हिशेब वाण्याचासुद्धा वाटत नाही, वाणी निदान दुकानात गर्दी किती झाली तेही बघतो. सिडनीकरांना फूटी बघायला घराबाहेर काढायचं तर खांबांपुढे एक जबरदस्त माणूस लागतो. टोनी लॉकेट १९९५ मध्ये सेंट किल्डाहून आला, तेव्हाही असंच झालं होतं. त्याच लॉकेटने १९९९ मध्ये सिडनीच्याच मैदानावर गॉर्डन कॉव्हेंट्रीचा १२९९ गोलांचा जुनापुराणा विक्रम मोडला. त्याला आज कोणी भाडोत्री म्हणत नाही. काळ गेला की शिवी गळून पडते.

त्या करारात पैशापेक्षा मोलाची गोष्ट मुदत होती, हे मला २०१५ मध्ये उमगलं. त्या सप्टेंबरात, बाद फेरीच्या तोंडावर, क्लबने जाहीर केलं की मानसिक आजारामुळे फ्रँकलिन खेळणार नाही. त्याला सौम्य स्वरूपाचा अपस्माराचा त्रास असल्याचंही त्याच सुमारास बाहेर आलं. वर्षावर्षाच्या करारावरचा खेळाडू असं म्हणू शकला असता? करार संपत आलेला माणूस ताप लपवतो, दुखणं लपवतो, मन तर पहिल्यांदा लपवतो. इथे अजून सात वर्षं बाकी होती. क्लबला घाई नव्हती, त्यालाही नव्हती. तो परत आला आणि पुढच्या वर्षी संघाला ग्रँड फायनलपर्यंत घेऊन गेला. २०२० चा अख्खा मोसम दुखापतीत गेला, तेव्हाही कोणी त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. ज्यांनी त्या नऊ वर्षांना वेडेपणा म्हटलं त्यांनी हेही जमेला धरावं.

त्याच २०१५ मध्ये, त्याच सिडनीच्या ड्रेसिंग रूममध्ये ॲडम गूड्स होता. दोन ब्राउनलो पदकं, २०१४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर', आदिवासी समाजाचा, आणि वर्णद्वेषाबद्दल तोंड उघडून बोलणारा. सामन्यामागून सामना त्याची हुर्यो उडवली गेली. मोसम संपताना तो निवृत्त झाला आणि ग्रँड फायनलच्या दिवशी मैदानाला फेरी मारायला आलाच नाही. लीगने आणि अठराही क्लबांनी माफी मागितली, ती २०१९ मध्ये. हे इथे सांगण्याचं कारण असं की निष्ठा मागणाऱ्या आवाजाखाली बऱ्याचदा दुसरा एक आवाज असतो. आम्ही तुला मोठा केला, आता गपगुमान उपकार मान. नूंगार पोराने स्वतःची किंमत स्वतः ठरवली, हे काहींना त्याच्या क्लब सोडण्यापेक्षा जास्त झोंबलं असावं, असा माझा संशय आहे. २०२३ च्या मे महिन्यात मेलबर्नच्या मैदानावर कॉलिंगवूडच्या प्रेक्षकांनी फ्रँकलिनची हुर्यो केली, छत्तीस वर्षांच्या, निघायच्या बेतात असलेल्या माणसाची. कॉलिंगवूड क्लबला स्वतःच्याच चाहत्यांचे कान उपटावे लागले.

आपल्याला हसायला जागा नाही. २०२४ मध्ये हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईत परतला, कर्णधार झाला, तर वानखेडेवर त्याच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना माइकवरून 'बिहेव्ह' म्हणावं लागलं, जसं काही वर्गात मास्तर. कर्णधार बदलायचा निर्णय फ्रँचायझीचा, शिव्या हार्दिकला. आयपीएलमध्ये तर आपण त्याला उघडउघड लिलाव म्हणतो, हातोडा पडतो, आणि मग विकल्या गेलेल्या माणसाने शहरावर जीव ओवाळून टाकावा अशी अपेक्षा करतो.

हे सगळं म्हणणारे आपण कोण? मी पुण्यातली कंपनी तीस टक्के वाढीसाठी सोडली, मग पुणंच सोडलं, मग देश. निरोपाच्या भाषणात कोणी 'गद्दार' म्हटलं नाही. 'प्रगती केलीस हो' म्हणून शाल दिली. २३ नंबर उसवायला लावणारे चिरंजीव शिकून नोकरीला लागले आणि अकराव्या महिन्यात दुसरीकडे गेले. 'पॅकेज चांगलं होतं, बाबा.' बायकोने गणपतीत सगळ्यांना पेढे दिले. मी जंपरची आठवण करून दिली तर म्हणाले, ते वेगळं. वेगळं कसं, हे मात्र अजून सांगितलेलं नाही.

चाहत्याचं दुःख खोटं असतं असं मी म्हणत नाही. अकरा वर्षांचं पोर खरंच रडत होतं. ज्याच्या नावाचा नंबर पाठीवर घेऊन तुम्ही शाळेच्या मैदानावर कमानीसारखं धावायला शिकलात, तो निघून गेला की आत काहीतरी उसवतंच. पण त्या दुःखाचं बिल खेळाडूच्या नावाने काढायचं कारण नाही.

२५ मार्च २०२२, शुक्रवार. सिडनीच्या मैदानावर जीलाँगविरुद्ध सामना. बडीला हजार गोलांसाठी चार हवे होते. आम्ही शेजाऱ्यांकडे बसलो होतो. त्यांच्या पत्नी त्याआधी दोन वर्षांपूर्वी वारल्या, तेव्हापासून शुक्रवारी मी डबा घेऊन जातो आणि ते मला नियम समजावतात, जे मला आता पाठ आहेत. तीन झाले. चौथ्या क्वार्टरमध्ये तरुण चॅड वॉर्नरने चेंडू त्याच्याकडे दिला. मार्क. मग ती शांतता, मोजलेली पावलं, डावीकडे झुकणारी कमान. लाथ बसली आणि चेंडू खांबांपर्यंत पोहोचायच्या आत कठड्यांवरून माणसं खाली उतरायला लागली होती. बघता बघता हिरवळ दिसेनाशी झाली. हजारो लोक, लाल-पांढरे मफलर, मधोमध कुठेतरी तो. जवळजवळ अर्धा तास खेळ बंद. हजार पार करणारा तो इतिहासातला सहावा. शेवटी १०६६ वर थांबला आणि जुलै २०२३ मध्ये ३५४ सामन्यांनंतर बूट टांगले.

पडद्यावर गर्दीतून वाट काढत पोलीस त्याला बाहेर नेत होते. शेजारी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्यातले पाचशे ऐंशी आमचे."